सत्तावीस पावले

रिठ्याच्या फेसाचा वास आला की मला आधी हात दिसतात, माणूस नंतर. दिवसभर पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटे, नखांच्या कडांना वाळलेल्या फेसाची रेघ, आणि त्या बोटांच्या चिमटीत उन्हाकडे धरलेला काचेचा एक लोलक. महाशिवरात्र झाली, हैदराबादची थंडी पाय काढू लागली आणि कडुनिंबाची पाने गळायला लागली, की माझ्या वडिलांचे, अण्णांचे, हात वर्षातून दीड महिना तसे असायचे. त्या दिवसांत ते जेवायला बसत तेव्हा भाताला रिठ्याचा वास यायचा, मला जवळ घेत तेव्हा माझ्या केसांना. उरलेल्या साडेदहा महिन्यांत त्यांना कसला वास यायचा, ते मला आठवत नाही.

अण्णा महालाच्या फराशखान्यात कारकून होते. फराशखाना म्हणजे गालिचे, पडदे, दिवे, झुंबरे यांची निगा राखणारे खाते. महालाचे नाव मी सांगत नाही. ज्या शहरात महालांना तोटा नाही तिथे एक नाव गाळले म्हणून कुणाचे अडत नाही. पणजोबांनी तिथे फारसीत लिहिले, आजोबांनी उर्दूत. अण्णांच्या वाट्याला लिहिण्यासारखे काही उरलेच नव्हते. एकोणिसाव्या वर्षी ते तिथे चिकटले तेव्हा राज्य जाऊन काही वर्षे झाली होती, दरबार भरायचे थांबले होते, आणि वारस परदेशी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. राजा बोले दळ हाले, असे आपण म्हणतो. इथे राजा बोलायचाच बंद झाला होता, दळात अण्णा आणि चार म्हातारे फराश उरले होते, आणि तरी ते हलत होते.

महालाच्या मधोमध दरबाराचे दालन होते. पांढरे खांब, वर कोरीव गवाक्षे, जमिनीवर संगमरवर, आणि टोकाला चार पायऱ्यांच्या ओट्यावर मसनद, म्हणजे राजाची बैठक. बैठकीवरची गादी उंदरांनी कुरतडली म्हणून केव्हाच काढून ठेवली होती. उरला होता नुसता दगडी चौथरा. त्या चौथऱ्यापुढे काम संपले की अण्णा कमरेत वाकून तीनदा सलाम करीत, आणि मग तोंड मसनदीकडेच ठेवून मागे मागे चालत दाराशी येत. जिथे राजा बसतो त्या जागेला पाठ दाखवायची नाही, हा तिथला रिवाज होता. सत्तावीस पावले. सत्ताविसाव्याला टाच उंबरठ्याला लागे, तो उलट्याच पावलाने ओलांडायचा, आणि मग वळायचे. आजोबांनी त्यांना पहिल्या दिवशी लिहायला नव्हे, हे चालायला शिकवले होते. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा ते पाहिले. एवढे मोठे, पांढरे, गार दालन, त्यात कुणी नाही, आणि माझे वडील कुणीच नसलेल्या जागेपुढून अदबीने मागे येताहेत. मला हसू आले. मग त्यांचा चेहरा दिसला आणि हसू विरले, कारण घरात तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. इतका हळुवार, इतका ओळखीचा चेहरा ते त्या दगडासाठी राखून ठेवत असत.

जामबागच्या आमच्या दोन खोल्यांत ते देवघरापुढूनही तसेच मागे मागे येत. चौथ्या पावलाला पाठ फळीला लागून आईचे डबे खडखडत. आई म्हणायची, "अहो, वळा सरळ. देवाला पाठ दिसली तर तो काय बडतर्फ करतोय तुम्हाला?" अण्णा हसत नसत. डबे पुन्हा नीट लावून देत, एवढेच.

दालनात अकरा झुंबरे होती. प्रत्येकाला शेकड्यांनी लोलक. शिवरात्रीनंतर हवा कोरडी झाली की शिडी लागायची, आणि एकेका फांदीचे लोलक उतरून आपापल्या फडक्यात बांधले जायचे, म्हणजे या फांदीचा त्या फांदीला जाऊ नये. रिठ्याच्या कोमट पाण्यात ते बुडवायचे, बोटांनी चोळायचे, साध्या पाण्यातून काढायचे आणि मऊ, जुनेर सुती कापडाने पुसायचे. कापड नवे असले तर काचेवर ओरखडे पडतात. महालाने कापड द्यायचे केव्हाच सोडले होते, तेव्हा आईची विरलेली लुगडी जायची. आई ठिकठिकाणी जोड लावून लुगडे नेसायची, आणि ते अगदीच नेसवेना झाले की अण्णा त्याचे चौकोनी तुकडे करून सायकलच्या कॅरियरला लावून नव्या पुलावरून पलीकडे नेत. आईचा आणि राजघराण्याचा संबंध तेवढाच.

आणि ती झुंबरे पेटलेली अण्णांनी कधी पाहिली नव्हती. वाचणाऱ्याला हे खरे वाटणार नाही, म्हणून पुन्हा सांगते. तीसेक वर्षे ज्या माणसाने एकेक लोलक धुऊन पुसून पुन्हा जागच्या जागी टांगला, त्याने त्यातला एक दिवासुद्धा लागलेला पाहिला नव्हता. दरबार संपले तेव्हा दालनाची वीज तोडली गेली. जुन्या तारा, आग लागली तर कोण जबाबदार. आजोबांनी पेटलेली पाहिली होती, आणि अण्णा लहान असताना त्यांना सांगितले होते, की पेटली म्हणजे मसनदीवर कोण आहे ते दिसतच नाही, नुसता उजेड बसलेला दिसतो. अण्णांना आयुष्यात दुसरे काही नको होते. बढती नको, घर नको. एकदा ती पेटलेली पाहायची, आणि त्या उजेडातून सत्तावीस पावले मागे यायचे.

आई दर वर्षी लुगडे फाडून देताना विचारायची, "पेटलेली कशी दिसतात हो?"

"पेटली की सांगतो," अण्णा म्हणायचे.

मी सात-आठ वर्षांची असताना एक टवका उडालेला लोलक मागितला होता. तसे लोलक झुंबराला परत लागत नसत, एका टोपलीत पडून असत. अण्णा म्हणाले, "सरकारचा माल आहे, बाळ." सरकार म्हणजे राजा. मी रडून घर डोक्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबरचा फराश खाजामियाँ घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "बच्ची रो रई बोल के सुना. पंत, दे देते एक, कौन देखता?" अण्णांनी त्याला पाणी दिले, पान दिले, लोलक दिला नाही. जाताना खाजामियाँ माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "क्या करतें बेटी, खाली कुर्सी बी कुर्सीच है ना." रिकामी झाली तरी खुर्चीच. मला वाटते त्या घरात अण्णांना ओळखणारा तो एकटाच येऊन गेला.

मी दहावीत होते त्या वर्षी, शिवरात्रीनंतरच, आई दवाखान्यात पडली. पोटात गाठ होती. त्याच आठवड्यात परदेशातून निरोप आला की वारस येताहेत, दालन पाहणार आहेत, वीज जोडून झुंबरे पेटवणार आहेत. अकराही झुंबरांचे लोलक तेव्हा उतरलेले होते, फडक्यांत बांधलेले. अण्णा सकाळी दवाखान्यात येत, आईच्या उशाशी अर्धा तास बसत, तिचा हात आपल्या ओल्या, फुगलेल्या बोटांत धरत आणि जात. शेवटच्या दिवशी सकाळी आईने त्यांना थांबा म्हटले नाही. तिने विचारले, "आज पेटणार?" ते म्हणाले, "आज संध्याकाळी. आलो की सांगतो." ती दुपारी गेली. मी शेजारच्यांना महालावर पाठवले; अण्णा शिडीवर होते. निरोप ऐकून ते खाली उतरले, हातातला लोलक पुसून त्याच्या फडक्यात ठेवला, तीन सलाम केले आणि मागे मागे दारापर्यंत आले. खाजामियाँने हे मला पुढे कधीतरी सांगितले, कौतुकाने सांगितले. वारस आलेच नाहीत. का आले नाहीत, ते फराशखान्याला कळवण्याची कुणाला गरज वाटली नाही.

त्या दिवसापासून मला त्या महालाचा राग आहे. राजांचे राजेपण त्यांच्यापाशी राहते थोडेच? ते असते वाकणाऱ्याच्या कमरेत, आणि तिथून ते निघता निघत नाही. राज्य गेले, राजे गेले, गादी उंदरांनी नेली, आणि माझ्या बापाच्या टाचांत मात्र ती सत्तावीस पावले शिल्लक राहिली. मी शिकले, जामबागच्याच शाळेत शिकवू लागले, लग्न होऊन कुकटपल्लीला गेले. अण्णा थकले तेव्हा त्यांना माझ्याकडे आणले. तोवर महालाला वारसांच्या भांडणात कुलूप लागले होते, खाजामियाँ मातीआड झाला होता, आणि अण्णांचे हात बारा महिने कोरडे होते. सहाव्या मजल्यावरच्या आमच्या देवघरापुढून ते अजून मागे मागे येत. तिथे सोफा होता. मी तो सरकवला नाही. मुद्दाम सरकवला नाही, हे आज लिहायला हरकत नाही.

मग महालाचे संग्रहालय व्हायचे ठरले. झुंबरे खोक्यांत भरलेली, लोलक सगळे एकत्र झालेले, आणि कुठला कुठे ते सांगणारा जगात एकच माणूस उरलेला. एक तरुण अधिकारी बाई आमचा पत्ता शोधत आल्या. त्या अण्णांना सर म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणाले असेल. तीन महिने गाडी यायची, अण्णा जायचे, खुर्चीवर बसून प्रत्येक लोलक उन्हाकडे धरून सांगायचे: हा तिसऱ्याचा, वरच्या फांदीचा, हा मसनदीसमोरच्या मोठ्याचा. ऐंशी ओलांडलेल्या त्या डोळ्यांना वाचताना चष्मा लागे, लोलकाला लागत नसे. काम संपले तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "सर, उद्घाटनाला झुंबरं पेटणार. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची."

अण्णांनी शेरवानी काढली. आजोबांची. तिला इस्त्री केली, कपाटाबाहेर टांगली. रोज दुपारी टपाल आले का ते विचारायला ते खाली वॉचमनकडे जायचे, आणि वॉचमन म्हणायचा, "लेदु तातगारू." नाही आले, आजोबा. उद्घाटन झाले ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळले. फोटोत पहिली रांग होती, तीत मंत्री होते, बिल्डर होते, त्यांच्या बायकांचे दागिने होते, आणि वरती झुंबरे, पेटलेली. छपाई काळीपांढरी होती. अण्णांनी तो फोटो भिंगातून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले, "बाई विसरल्या असतील. काम फार असतं." राग नाही, काही नाही. सरकारकडून चूक होऊ शकते, हे त्या माणसाने कधी मनात आणलेच नव्हते.

रागवायचे काम माझ्याकडे होते, नेहमीसारखे. पंधरवड्याने मी त्यांना म्हटले, "चला, मी नेते. तिकीट काढून." त्यांना तिकीट हा शब्द आवडला नाही, पण आले. शेरवानी घालून आले.

रविवार होता. शाळांच्या सहली, नवी जोडपी, पॉपकॉर्नचा वास. अण्णांनी दालनाच्या दारात चपला काढल्या. दुसऱ्या कुणी काढल्या नव्हत्या. आणि मग ते आत गेले आणि उभे राहिले. अकराही झुंबरे पेटली होती. मी कबूल करते, पुढचे पाऊल मीही टाकले नाही. संगमरवरावर, खांबांवर, माणसांच्या कपड्यांवर, अण्णांच्या पांढऱ्या केसांवर इंद्रधनुष्याचे तुकडे पडले होते, आणि गर्दीतल्या एका पोराच्या फुग्याने वारा हलला की ते सगळे तुकडे एकदम थरथरत. अण्णा वर पाहत होते. ओठ हलत होते; ते फांद्या म्हणत होते, एकेक, नावाने. मग म्हणाले, "सगळे जागच्या जागी आहेत." मग हलकेच, "लुगड्याने पुसायला हवेत. धूळ आहे." मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा तो चेहरा मला दिसला, लहानपणी एकदाच दिसलेला. चौथऱ्यावर नवी मखमली गादी होती, पुढे लाल दोर होता.

त्यांनी दोरापाशी जाऊन कमरेत वाकून तीन सलाम केले. आणि मागे मागे चालू लागले.

एक, दोन, तीन. लोक बाजूला होत होते. कुणीतरी हसले. एका मुलीने फोन वर धरला, मग दोघांनी, मग पुष्कळांनी. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ड्रामा है रे, इन लोगां रखते ऐसे." सहलीतली दोन पोरे अण्णांच्या समोर उभी राहून त्यांच्यासारखीच वाकू लागली. अण्णांना काही दिसत नव्हते. ते उजेडाकडे पाहत होते. सहा, सात. पहारेकरी पुढे आला, दरडावून नव्हे, काळजीने म्हणाला, "बाबा, सीधा चलो, पीछे लोगां हैं, गिर जाते." आठ, नऊ. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना वळवले.

"अण्णा, पुरे. सरळ चाला," मी म्हणाले. आवाज माझाच होता, वर्गातला.

त्यांचा दंड माझ्या हातात इतका हलका होता की वळवायला जोर लागला नाही. मसनदीकडे पाठ करून, डोके खाली घालून, माझ्या शेजारून ते दारापर्यंत सरळ चालत आले. उंबरठ्याशी त्यांचा पाय अडखळला. सरळ पावलाने तो त्यांनी कधी ओलांडलाच नव्हता.

लोकांची लाज वाटली म्हणून मी तसे केले, असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले, आणि पुढे बरेच दिवस सांगत राहिले. ते खोटे आहे. लोक काय, हसून पुढच्या दालनात गेले असते. नवव्या पावलाला मला आई दिसली, दवाखान्यातली, आणि शिडीवरून उतरून, लोलक पुसून ठेवून, सलाम करून मागे मागे येणारे अण्णा दिसले. तिच्याकडे जायचे होते तेव्हाही ज्याने सत्तावीसच्या सत्तावीस पावले मोजली, त्याला मी नवव्याला थांबवले. चाळीस वर्षे दाबून ठेवलेला सूड मी दहा सेकंदांत उरकला, तोही एका म्हाताऱ्यावर, तोही त्याच्या हयातीतल्या एकाच मागण्याच्या मधोमध.

बाहेर दुकान होते. तिथे किल्ल्यांच्या साखळीला लावलेले काचेचे लोलक विकायला होते. मी एक घेऊन त्यांच्या हातात दिला. काय म्हणून दिला, देव जाणे. त्यांनी सवयीने तो उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "हा इथला नाही." पुन्हा माझ्या हातात दिला.

घरी येऊन ते आईच्या फोटोपुढे उभे राहिले. मला वाटले, आता सांगतील. पेटली की सांगतो म्हणाले होते. मी स्वयंपाकघरात भांडे न वाजवता उभी होते. ते म्हणाले, "अगं, पाहिली..." आणि थांबले. मग ते वळले आणि फोटोकडे पाठ करून आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून अण्णा देवघरापुढूनही सरळ चालत बाहेर येऊ लागले. सोफ्याला धक्का लागेना. घरात येणारे म्हणायचे, अण्णांची चाल आता बरी झाली. मी सोफा सरकवून भिंतीला लावला, मधली जागा मोकळी करून ठेवली. ते तिच्यातून सरळ जात. शेरवानी कपाटात गेली. महालाचे नाव त्यांनी काढले नाही, मी काढायचा प्रयत्न केला तर ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. पुढच्या शिवरात्रीनंतर, कडुनिंब गळत असताना, ते गेले. हात कोरडे होते.

अग्नी मीच दिला. एकटीच मुलगी. सगळे आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "चला ताई. आता मागे वळून पाहायचं नसतं." मला तो रिवाज ठाऊक होता, सगळ्यांनाच असतो. मी एक क्षण उभी राहिले. माझ्या पुढ्यात उजेड होता, आणि त्यात कोण आहे ते दिसत नव्हते, नुसता उजेड होता. पायांना काय करायचे ते कळले होते. टाच मागे उचललीसुद्धा होती. पण मागे पंधरा-वीस माणसे उभी होती, नवरा, शेजारी, शाळेतले सहकारी, आणि ती काय म्हणतील असे मला वाटले. या वेळी ते खरोखरच वाटले. मी वळले, त्या उजेडाकडे पाठ केली आणि सगळ्यांसारखी सरळ चालत फाटकापर्यंत आले. कुणाला दंड धरावा लागला नाही.

काळ माणसाला सरळ घेऊन जातो, त्याला मागे येणे ठाऊक नाही. मागे मागे चालायचे ते मागे राहिलेल्याने, जाणाऱ्याकडे तोंड करून, टाच उंबरठ्याला लागेपर्यंत. अण्णांची अठरा पावले मी त्यांच्याकडून काढून घेतली, आणि माझ्या वाट्याची सत्तावीस मी पाठ फिरवून चालले.